गुंता पुसायचा की नजरेआड करायचा?

गिटमध्ये एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा इतिहास उघडला की पडद्यावर ठिपके आणि रंगीत रेषांचं जाळं दिसतं. एक ठिपका म्हणजे एक कमिट, नोंदवलेला बदल. आज प्रश्न असा, की हे जाळं आलं कुठून आणि ते किती खरं?

१९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. त्यात प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा. पुढे सीव्हीएस आलं. त्यात शाखा फुटल्याची नोंद होई. ती मुख्य प्रवाहात परत मिळाल्याची मात्र आपोआप होत नसे. लोक आठवणीसाठी टॅग लावून ठेवायचे. नकाशावर नदीचे फाटे आहेत, पण संगमच नाही! मग चित्र काढणार कशाचं?

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतलं, कारण बिटकीपरची मोफत सोय बंद झाली होती. गिटमधला प्रत्येक कमिट आपले पालक कोण हे स्वतःजवळ नोंदवतो. दोन शाखा जुळल्या की पालक दोन. कल्पना अगदी नवी नव्हती, बिटकीपर आणि मोनोटोनमध्येही ती होती. पण आता वंशावळ तयारच होती, काढायचीच बाकी. त्याच वर्षी पॉल मॅकेरास यांच्या गिटकेने ती पडद्यावर आणली. २०१४ मध्ये तर कर्नलमध्ये ६६ पालकांचा एक कमिट आला. काढा आता त्याचं चित्र!

असा गुंता नको म्हणून काही जण रीबेस करतात. म्हणजे आपले कमिट नव्याने लिहून एका सरळ रेषेत बसवायचे. दिसायला छान. पण या नव्या मधल्या अवस्था कदाचित कुणीच चालवून पाहिलेल्या नसतात. उद्या दोष नेमका कधी शिरला हे शोधताना आपण न घडलेल्या इतिहासात शोधत बसतो. म्हणूनच इतरांनी ज्यावर काम उभारलंय तो इतिहास बदलू नये, असं कर्नलच्या मार्गदर्शिकेत बजावलंय.

दुसरा मार्ग आहे. गिटला ‘फर्स्ट-पेरेंट’ असं सांगितलं, की तो प्रत्येक संगमाचा फक्त पहिला पालक धरून मुख्य प्रवाह दाखवतो. बाकीच्या फांद्या दिसत नाहीत, पण असतात. हव्या तेव्हा उघडा.

इतिहासकाराला हा फरक ओळखीचा आहे. सार काढताना तपशील गाळावेच लागतात. पण त्यासाठी दप्तर जाळायचं नसतं.