खिशातला दुसरा संगणक

मोबाइलला आपण एक यंत्र समजतो. वस्तुतः त्यात निदान दोन संगणक नांदत असतात. पहिला आपल्या ओळखीचा. पडदा उजळणे, छायाचित्रे ठेवणे, हिशेब करणे ही त्याची कामे. दुसरा आपल्याला कधी दिसत नाही. टॉवरशी रेडिओलहरींनी बोलणे हे त्याचे काम, आणि बेसबँड हे त्याचे नाव. त्याच्या पोटात मुरवलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. पहिल्या संगणकाची आज्ञावली पुष्कळ अंशी जगापुढे खुली आहे. दुसऱ्याची कारखानदाराच्या कुलपात आहे. हे कुलूप काही मोजक्या माणसांनी कसे उघडले, ती हकिगत येथे सांगावयाची आहे.

१९८२ साली युरोपातील टपाल व तार खात्यांच्या परिषदेने एक अभ्यासगट नेमला. देशोदेशी एकाच रीतीने चालेल अशी मोबाइलची पद्धत त्याने ठरवावयाची होती. तीच पुढे जीएसएम म्हणून प्रसिद्ध झाली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीवरचे पहिले संभाषण झाले. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले.

या पद्धतीचे नियम हजारो पानांत छापलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. परंतु संभाषण झाकणारी ए५/१ ही सांकेतिक रीत गुप्त ठेवली होती, आणि नियमांबरहुकूम चालणारी फोनमधील आज्ञावली मूठभर कंपन्यांच्या हाती होती. म्हणजे कायद्याचे पुस्तक उघडे आणि कचेरीचे दार बंद! १९९९ साली मार्क ब्रिसेनो, इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ती गुप्त रीत जगापुढे मांडली. गुपित फुटले, पण फोनमधील दुसरा संगणक तसाच मिटलेला राहिला.

आता बर्लिनच्या हाराल्ड वेल्टे यांच्याकडे वळू. हे लिनक्सवर काम करणारे गृहस्थ. सर्वांसाठी खुली केलेली आज्ञावली आपल्या मालात घालावयाची, पण तिच्या परवान्याच्या अटी मात्र पाळावयाच्या नाहीत, अशी काही कंपन्यांची चाल होती. २००४ साली वेल्टे यांनी म्यूनिचच्या न्यायालयातून अशा एका कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. २००८ साली त्यांनी आणि डीटर श्पार यांनी सीमेन्स कंपनीचे एक जुने टॉवरयंत्र खुल्या आज्ञावलीने चालवून दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांनी वेगळ्या वाटेने तसेच काम केले. टॉवरचे टोक उघडले; फोनचे टोक उरले होते.

ते काम २०१० च्या आरंभी ऑस्मोकॉमबीबी या नावाने सुरू झाले. वेल्टे यांच्याबरोबर सिल्व्हाँ म्युनो, डीटर श्पार, आंद्रेआस एव्हर्सबेर्ग ही मंडळी होती. त्यांनी निवडला तो मोटोरोलाचा सी१२३, अगदी साधा आणि स्वस्त फोन. त्यातील कॅलिप्सो नावाच्या चिपची कागदपत्रे आधीच बाहेर फिरत होती. फोन सुरू होताना कानाच्या यंत्राच्या भोकातून क्षणभर बाहेरची आज्ञावली आत घेतो, हेही ठाऊक झालेले होते. तेवढी फट त्यांना पुरली.

मात्र काम सोपे नव्हते. जीएसएममध्ये ४.६१५ मिलिसेकंदांच्या एका आवर्तनाचे आठ वाटे पाडलेले असतात. एका फोनच्या वाट्याला मिलिसेकंदाच्या निम्म्याहून थोडा अधिक वेळ येतो. तेवढ्यातच बोलायचे, चुकले तर शेजाऱ्याच्या बोलण्यात अडथळा. म्हणून घड्याळाशी बांधलेला खालचा थर फोनमध्ये ठेवला आणि निरोपांचा अर्थ लावणारे वरचे थर तारेने जोडलेल्या संगणकावर चालवले. २०१० संपण्यापूर्वी या खुल्या आज्ञावलीवर संभाषण होऊ लागले. विजयाला मर्यादाही होत्या. चिपमध्ये कायमची कोरलेली ध्वनिसंस्काराची आज्ञावली बंदच राहिली. आणि सरकारी प्रमाणपत्र नसल्यामुळे असा फोन परवानगीच्या प्रयोगजाळ्याबाहेर वापरणे कायद्यात बसत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि म्युनो यांनी असेच स्वस्त फोन मांडून झाकलेले संभाषण पकडून उलगडून दाखवले. येथे रास्त शंका उद्‌भवते: दार उघडून चोरालाच वाट दाखवली नाही का? माझे उत्तर असे की, दोष त्या दिवशी जन्मला नाही. जीएसएममध्ये फोनला टॉवरपुढे आपली ओळख पटवावी लागते, टॉवरला फोनपुढे नाही. खोटा टॉवर उभारून फोन फसवणारी महागडी यंत्रे विकली जातच होती. ज्याच्यापाशी पैसा आणि सत्ता होती, त्याला हे गुपित कधीच गुपित नव्हते. ते झाकले होते फक्त फोनच्या धन्यापासून, म्हणजे तुमच्याआमच्यापासून.

कामगार चळवळीतल्या माणसाला या ठिकाणी १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आठवतो. कामाचे तास, रजा, शिक्षा यांचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कारखान्याच्या दाराजवळच्या फलकावर लावले पाहिजेत, असे त्याने सांगितले. त्यामुळे मालक साधू झाले नाहीत. पण फलकाकडे बोट दाखवून भांडता येऊ लागले. आपल्यावर चालणारा नियम वाचता आला पाहिजे, एवढीच ती मागणी होती. फर्मवेअर हाही आपल्यावर चालणारा नियमच आहे.

खुले ज्ञान केवळ दोष दाखवून थांबत नाही. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावात मोठ्या कंपन्या सेवा देईनात. २०१३ साली गावाने खुल्या आज्ञावलीवर स्वतःचे मोबाइल जाळे उभारले. २०१६ साली अशा गावांच्या संस्थेला तेथील सरकारकडून रीतसर परवानाही मिळाला.

फोनच्या टोकाची लढाई मात्र अपुरी आहे. नव्या पिढ्यांच्या बाजारातील फोनांत कॅलिप्सोवर झाले तसे काम झालेले नाही. पाइनफोन या फोनच्या मोडेममधील काही आज्ञावली हौशी मंडळींनी खुली करून बदलली. प्रत्यक्ष रेडिओशी बोलणारा भाग तेथेही मिटलेलाच आहे. बँकेचे व्यवहार, रेशनची ओळख, लेकराबाळांची बोलणी, सारे आपण आज या पेटीवर सोपवले आहे. प्रत्येकाने ती उघडून पाहावी असे कोणी म्हणणार नाही. स्थायी आदेशही प्रत्येक कामगार वाचत नव्हता. वाचणारे चारदोन असत आणि त्यांच्या वाचण्याचा लाभ सर्वांना मिळे. फर्मवेअर वाचणाऱ्या अशा चारदोघांना वाचण्याचा हक्क कायद्याने मिळावा, ही मागणी आता ग्राहकांनी आणि नागरिकांनी केली पाहिजे.