अर्ध्या तासाची विश्रांती

१९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिम्पिक स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट गटाचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. या स्पर्धेची हकीकत अशी सांगितली जाते : जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घकाळ झुंजून खाशाबा थोडक्यात हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव यांच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून द्यायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा तीही लढत हरले.

या अर्ध्या तासात पैलवानाच्या स्नायूंत नेमके काय घडते? हे समजायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८५७ साली फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून केलेला साठा. असाच साठा स्नायूंतही असतो. भाकरी-भातातील कर्बोदके शेवटी या कणगीत जाऊन पडतात. १९०७ साली केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. स्नायू थकला की त्यात लॅक्टिक आम्ल साठते आणि ऑक्सिजन मिळाला की ते कमी होते, असे त्यांना आढळले. जर्मनीच्या मायरहोफ यांनी हे आम्ल ग्लायकोजेनपासून बनते, हे दाखवले. त्यांना आणि इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा अनेकांना वाटत होते, की लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो. १९३० साली डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी एक रसायन वापरून लॅक्टिक आम्ल तयार होणेच बंद केले. तरी स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला. मग ऊर्जा कोठून आली? त्याआधीच, १९२७ साली, अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्के आणि आपल्या आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट शोधून काढले होते. आकुंचनाला प्रत्यक्ष ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा साठा काही सेकंदांपुरताच असतो; तो तत्काळ भरून काढण्याचे काम क्रिएटिन फॉस्फेट करते. तेही संपत आले, की ग्लायकोजेनच्या झटपट विघटनावर भर येतो. ऑक्सिजनविना होणाऱ्या या विघटनात ग्लुकोजच्या एका घटकामागे एटीपीचे फक्त ३ रेणू मिळतात. ऑक्सिजनसह सुमारे ३०. म्हणजे वेग मिळतो, पण कणगी भराभर रिकामी होते.

१९२९ साली कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने पुढचा दुवा जोडला. स्नायूतले लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते स्नायूंकडे परतते. पुढे हेही कळले, की हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट थेट इंधन म्हणून जाळतात. तेव्हा लॅक्टेट हे विष नव्हे. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजांमुळे. तोवर लॅक्टेट केव्हाच निघून गेलेले असते. वर्गात हे आवर्जून सांगायला हवे.

खाशाबा हेलसिंकीत लढले तेव्हा एवढे बरेचसे माहीत होते. माणसाच्या स्नायूतील कणगी किती वेळात भरते, हे मात्र नंतर कळले. १९६६ साली स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दोघे एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. मग सुईने मांडीतील स्नायूचा कण काढून तपासला. राबलेल्या पायातले ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते. तीन दिवस कर्बोदकांचा भरपूर आहार घेतल्यावर त्याच पायात ते दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले.

आता त्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडता येतो. क्रिएटिन फॉस्फेट बहुतांशी तीन ते पाच मिनिटांत भरून येते. रक्तात वाढलेले लॅक्टेट स्वस्थ बसल्यास साधारण वीस मिनिटांत निम्मे होते. हलके चालत राहिल्यास त्याहून लवकर. म्हणजे अर्ध्या तासात पैलवान पुन्हा जोर लावण्याजोगा होतो. ग्लायकोजेन मात्र पुरेसे खाऊनही भरायला सुमारे एक दिवस घेते. ती विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता, असे विज्ञान म्हणू शकत नाही. पण तो नियम म्हणजे केवळ सौजन्य नव्हते, हे ते निश्चित सांगू शकते.

हा हिशेब फक्त ऑलिम्पिकपुरता नाही. शिरूर कासारच्या शाळेतील मुले एकाच दिवशी कबड्डीचे दोन-तीन सामने खेळतात, तेव्हा दोन सामन्यांमधला वेळ आणि डब्यातली भाकरी हा त्यांच्या खेळाचाच भाग असतो. याच तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना तर दिवसभर राबून दुसऱ्या पहाटे पुन्हा कोयता उचलायचा असतो. पोटभर जेवण आणि पुरी झोप मिळाली नाही, तर काल रिकामी झालेली कणगी आज अर्धवटच भरलेली असते. त्या थकव्याला कोणी आळस म्हणू लागले, तर निदान शिक्षकाने तरी स्नायूंची बाजू मांडावी.