डॅनियल बून (१७३४–१८२०)
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात केंटकीच्या सरहद्दीवर लढलेला हा शिकारी व वाटाड्या व्हर्जिनियाच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या स्थानिक शिबंदीत, अधिकारी होता. फेब्रुवारी १७७८ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या शॉनी जमातीने त्याला पकडले, तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून मीठ काढणाऱ्या त्याच्या साथीदारांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे शॉनी नायक ब्लॅकफिश याने त्याला दत्तक घेतले, परंतु जूनमध्ये तो निसटला आणि सप्टेंबरमध्ये शॉनींनी घातलेल्या वेढ्यात केंटकीतील बून्सबरोची गढी राखण्यात अग्रभागी राहिला. तरीही फितुरीच्या आरोपावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला व तो निर्दोष सुटला, हा भाग दंतकथांतून सोयीस्करपणे गळतो. त्याची कीर्ती लढायांपेक्षा जॉन फिल्सनच्या केंटकीविषयीच्या १७८४ मधील पुस्तकाने अधिक घडवली.