वाईचे बाण

विज्ञानाच्या शाखा कुठे फुटतात आणि कुठे एकमेकींना भेटतात, याचा आराखडा मराठीत आधी कोशकारांनी मांडला. केतकरांचा 23 खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश अकारविल्हे सुरू होतो तो सहाव्या खंडापासून. आधीचे 5 प्रस्तावनाखंड विषयवार आहेत आणि त्यांतला पाचवा विज्ञानेतिहासाचा. एवढी लांबण केतकरांनाच शोभली!

1960 साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. पहिला खंड निघाला 1976 मध्ये, पण परिभाषेचा खंड त्याआधीच, 1973 मध्ये हाती आला होता. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द बोलताना कसेही वापरले तरी चालतात. भौतिकीच्या नोंदीत तसे करून भागत नाही.

खरी अडचण वर्णक्रमाची होती. ‘अणुऊर्जा’ पहिल्याच खंडात, ‘किरणोत्सर्ग’ पुढे कुठेतरी, ‘युरेनियम’ त्याहून लांब. सख्खी भावंडे वेगवेगळ्या गावी दिल्यासारखी. त्यांची गाठ घालून दिली ती मजकुरातल्या छोट्या बाणांनी आणि नोंदीअखेरच्या ‘पहा’ने. 1973 सालीच अमेरिकेत हेन्री स्मॉल यांनी कोणते दोन शोधनिबंध वारंवार एकत्र उद्धृत होतात हे मोजून विज्ञानाचे नकाशे काढण्याची वाट दाखवली. तिथे नाते मोजणीतून कळायचे. वाईत ते संपादकाने डोळ्यांत तेल घालून ठरवायचे.

गंमत अशी, की बाण दाखवी तो खंड कित्येकदा छापूनच झालेला नसे. 1976 साली गडहिंग्लजला अकरावीत असलेला मुलगा, विसाव्या खंडाचा उत्तरार्ध 2015 मध्ये आला तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. शास्त्रीबुवा 1994 मध्येच गेले. मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड यांनी काम पुढे नेले. दरम्यान 1980 मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले होते.

खंड संकेतस्थळावर आले आणि कपाटापुढची ती खेप वाचली. नव्या नोंदींसाठी आता विद्यापीठे व संस्थांच्या साहाय्याने विषयवार ज्ञानमंडळे आहेत. पडद्यावर वर्णक्रमाची सक्ती नाही. त्यामुळे गडहिंग्लजचा विद्यार्थी मोबाइलवर आधी विषय निवडतो, मग नोंद.