चिनी वैद्यकातील बाळंतीण : केस, रक्त आणि विसावा



कामगार चळवळीतल्या माणसाने चिनी वैद्यकाच्या इतिहासावर, आणि त्यातही बाळंतिणीच्या केसगळतीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी वैद्य नाही आणि पदवीधरही नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, संध्याकाळी माणसे पांगल्यावर. परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो माझ्या टेबलावर येऊन पडला. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात शिवणकाम करणारी एक बाई बाळंतपणाच्या रजेच्या पैशांची तक्रार घेऊन आली होती. मूल चार महिन्यांचे होते. बोलता बोलता तिने पिशवीतून दोन वस्तू काढल्या : कागदात गुंडाळलेला केसांचा पुंजका आणि काळ्या मुळाचे चित्र असलेली कॅप्सूलची बाटली. म्हणाली, "दादा, हे चिनी औषध हजार वर्षांचं आहे म्हणतात. घेऊ का?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधताना जे हाती लागले, ते आज आपणांपुढे मांडतो.

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांनी मोजले आहे. सातव्या वर्षी दात बदलतात व केस वाढतात, अठ्ठाविसाव्या वर्षी केसांची वाढ पूर्णत्वास पोचते, पस्तिसाव्या वर्षी ते गळू लागतात. केसांचा संबंध या ग्रंथाने मूत्रपिंडाशी जोडला. पुढे रक्ताशीही तो जोडला गेला. इ. स. ६१० मध्ये चाओ युआनफांग याने रोगांच्या कारणांवर मोठा ग्रंथ रचला. रक्त भरपूर असेल तर केसांना तजेला, रक्त खालावले की केस गळणार, असे त्याचे प्रतिपादन आहे. या मताप्रमाणे केस म्हणजे रक्ताची शिल्लक. घरात चार पैसे उरले तर सणाला नवे लुगडे येते. ओढ लागली की पहिली काटछाट लुगड्यावरच होते. शरीराचा जमाखर्चही तसाच, असे ते वैद्य मानीत. बाळंतपणात रक्त जाते, आणि त्यांच्या मते अंगावरचे दूधही रक्ताचेच रूपांतर. तेव्हा बाळंतिणीच्या केसांवर काटछाट व्हावी हे त्यांच्या हिशेबात सरळ बसत होते.

सातव्या शतकाच्या मध्यास सन् सिमियाओ याने आपल्या औषधसंग्रहात स्त्रियांचे रोग आरंभीच घेतले. गर्भ, प्रसूती व रक्तस्राव यांमुळे स्त्रियांना वेगळे उपचार लागतात, आणि प्रसूतीनंतर शंभर दिवस त्यांना जपले पाहिजे, असे त्याने आग्रहाने सांगितले. १२३७ साली चेन त्झमिंग याने केवळ स्त्रियांच्या चिकित्सेचा बृहद्ग्रंथ लिहिला.

या वैद्यांच्या हातचे मुख्य औषध म्हणजे ‘स वू थांग’, म्हणजे चार वस्तूंचा काढा. दांगग्वेई आणि छुआनश्योंग ही कोथिंबीर-गाजराच्या कुळातली दोन मुळे, पांढऱ्या पिओनी फुलझाडाचे मूळ आणि शिजवून काळे केलेले रेमानियाचे मूळ. या काढ्याची जन्मकथा मला फार बोलकी वाटली. तो प्रथम आढळतो तो नवव्या शतकातील एका अस्थिवैद्याच्या पुस्तकात, आणि तेथे तो सांगितला आहे पडून-आपटून जखमी झालेल्यांसाठी! पुढे सुंग राजवटीने १०७६ साली राजधानी खायफंग येथे सरकारी औषधालय काढले, आणि या सरकारी औषधालयांच्या बाराव्या शतकातील संग्रहात तोच काढा स्त्रियांच्या रक्तक्षयावर आला. म्हणजे जखमी माणसाचे औषध बाळंतिणीला लागू झाले. कामावर जायबंदी झालेल्या माणसाला विसावा व भरपाई मिळावी म्हणून ज्याने वर्षे घालविली, त्याला ही तुलना सहज पटते.

परंतु एकटा काढा पुरेसा आहे असे तेथील घराघरांतल्या वडीलधाऱ्या बायकांनी कधी मानले नाही. काढ्यामागे ‘ज्वो युएत्झ’ ही चाल उभी होती. शब्दशः ‘महिना बसणे’. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, डोक्यावरून न्हायचे नाही. खायला कोंबडीचे सूप आणि अंडी. दक्षिणेकडे ग्वांगतुंग प्रांतात गोड सिरक्यात आले घालून शिजविलेले डुकराचे पाय. आपल्याकडील सव्वा महिना, अळिवाचे नि डिंकाचे लाडू, शेकशेगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे परके वाटणार नाही. न्हाणे बंद ठेवण्यात केसांचे हित काहीच नव्हते. पण महिनाभर कामातून सुटका आणि पोटभर अन्न, यात नक्कीच होते.

आता त्या बाटलीवरच्या काळ्या मुळाकडे येऊ. त्याचे नाव ‘ह शोऊ वू’. अर्थ, ‘काळ्या केसांचा ह’. नवव्या शतकातील लेखक ली आओ याच्या नावावर असलेली कथा अशी : जन्मापासून दुबळा असा एक अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष दारूच्या धुंदीत डोंगरात पडला असता त्याला दोन वेली एकमेकींना विळखा घालताना, सुटताना व पुन्हा गुंतताना दिसल्या. त्यांचे मूळ त्याने खाल्ले. त्याला पोरे झाली, केस काळे झाले. नातवाचे केस तर शंभरी ओलांडल्यावरही काळेच होते. त्या नातवाचेच नाव मुळाला मिळाले. सोळाव्या शतकात या मुळाची ‘सुंदर दाढीची सप्तरत्न गोळी’ मिंग सम्राट जियाजिंग याला अर्पण झाली, ती घेऊन त्याला पुत्र झाले आणि मुळाचा सर्वत्र बोलबाला झाला, असे ली शिजेन याने १५९६ साली छापल्या गेलेल्या आपल्या थोर वनस्पतिग्रंथात नमूद केले आहे. सभाजनहो, जरा पाहा. वृद्ध पुरुषाचे पौरुष, नातवाचे दीर्घायुष्य, बादशहाची दाढी आणि बादशहाचे पुत्र! या कीर्तीत बाळंतीण कोठेही नाही. पुरुषांच्या हौसेवर मोठे झालेले हे मूळ आज तिच्या गळ्यात मारले जात आहे.

आणि ते निरुपद्रवी नाही. कच्चे मूळ रेचक असते. म्हणून काळ्या घेवड्याच्या रसात वाफवून ते सौम्य करण्याची रीत जुनी. तरीही या मुळाने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. २००६ साली ब्रिटनच्या आणि २०१४ साली खुद्द चीनच्या औषध-नियंत्रकांनी याबाबत इशारे दिले.

जुन्या वैद्यांत सर्वांनी एकच री ओढली असेही नाही. वांग छिंगरेन याने १८३० साली पूर्वसूरींच्या चुका दुरुस्त करणारे पुस्तक छापले. साथीत मेलेल्या, अर्धवट पुरलेल्या मुलांची प्रेते स्मशानात जाऊन पाहून त्याने शरीररचनेची शहानिशा केली होती. केस गळतात ते रक्त कमी पडल्यामुळे नव्हे, रक्त त्वचेत तुंबल्यामुळे, असे त्याने मांडले आणि त्यावर करडईसारखी तांबडी फुले, पीचच्या बिया व कस्तुरी यांचा काढा सांगितला. त्याचे अनुमान आज टिकत नाही. पण ग्रंथापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची त्याची हिंमत मला आदरणीय वाटते.

मग खरे कारण कोणते? डोक्यावर साधारण लाखभर केस. त्यांतले बहुतेक वाढीच्या अवस्थेत, थोडे विश्रांतीत. विश्रांतीतले केस रोज पन्नास ते शंभर गळतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात वाढीतल्या केसांचे प्रमाण वाढते आणि नेहमीचे गळणे थांबते. प्रसूतीनंतर हे थोपलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी झुबक्याने गळतात. १९६० साली लिनफील्ड यांनी गर्भवतींचे व बाळंतिणींचे केस तपासून हे बदल दाखविले. गळलेल्या केसाखाली नवा केस उगवत असतो. बहुतेकींचे डोके वर्षाच्या आत पूर्ववत होते.

औषधांच्या कीर्तीचे रहस्य येथेच आहे. चौथ्या महिन्यात घाबरलेली स्त्री औषध सुरू करते आणि दहाव्या महिन्यात केस भरून येतात. ते औषधाविनाही आले असते, पण यश औषधाच्या खात्यावर जमा होते. काढा काय, सप्तरत्न गोळी काय, कॅप्सूल काय, सर्वांचा साक्षीदार तोच एक : काळ.

मग त्या जुन्या वैद्यांना खोटे म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. त्यांचे कारण चुकले, पण केसांवरून त्यांची नजर बाईच्या अंगातल्या रक्ताकडे गेली. वर्ष उलटूनही गळती थांबत नसेल, किंवा थकवा आणि धाप असेल, तर आजचा डॉक्टरही रक्तातले लोह व कंठग्रंथी तपासतो. ज्या देशात असंख्य बाया रक्तक्षयाने पिवळ्या पडलेल्या असतात, तेथे ही नजर टाकाऊ नव्हे.

खरा प्रश्न निराळा आहे. महिनाभर बसणे कोणाला परवडत होते? १९३६ साली शिया यान या लेखकाने शांघायच्या कापड गिरण्यांतील करारबद्ध मुलींचे जिणे जगापुढे आणले. बारा तासांची पाळी, कंत्राटदाराची कोठडी. अशा नोकरीत बाळंतिणीला महिना कुठला आणि कोंबडीचे सूप कुठले! २६ फेब्रुवारी १९५१ रोजी नव्या चीनने कामगार विम्याचे नियम जारी केले आणि कामगार स्त्रीला ५६ दिवसांची पूर्ण पगारी रजा मिळाली. परंतु नियम प्रथम शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होते. खेड्यातली बाई बाहेरच राहिली. १९५८ नंतरच्या ‘मोठ्या झेपे’च्या काळात तिला शेतावर जुंपले गेले, अन्न तुटले, आणि गर्भाशय खाली सरकण्याचे दुखणे गावोगाव दिसू लागले. कामगारांचे नाव घेणाऱ्या राज्यातही हे घडले, हे मी चळवळीतला माणूस असूनच सांगतो. चीनमधली ही रजा १९८८ साली ९० दिवसांची व २०१२ साली ९८ दिवसांची झाली.

आपल्याकडे मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. कागदावर आपण चीनच्या पुढे गेलो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला मात्र त्यातला पैसाही मिळाला नव्हता, आणि प्रसूतीनंतर पन्नासाव्या दिवशी ती मशीनवर बसली होती.

तिला मी पुढे उत्तर दिले. बाटली ठेवून दे. केस येतील. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. तपासणीत ते बरेच कमी निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रजेच्या पैशांचा अर्ज आम्ही केला, तीन वेळा खेटे घातले आणि सातव्या महिन्यात रक्कम हाती आली. तोवर तिचे केसही भरू लागले होते. बाटली अजून माझ्या कपाटात आहे, सील न फोडलेली.