रात्रीची लाईट

दिवाळीनंतर गावी फोन केलात आणि काका म्हणाले, "उद्या बोलू, या आठवड्यात आमची रात्रीची लाईट आहे," तर इथे जन्मलेली तुमची मुलं नक्की विचारतील: लाईट रात्रीची म्हणजे काय? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आपल्या देशाच्या सौरऊर्जेच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा आहे.

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज पाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा कारखाने आणि शहरांची मागणी मोठी असते. रात्री ती उतरते, पण कोळशावरचे संच सहज बंद करता येत नाहीत. मग ती वीज शेताकडे वळते. रब्बीत गहू, हरभरा, कांद्याला पाणी द्यायला माणूस ऐन थंडीत बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो. अंधारात सापाची भीती, आणि जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्याची.

सूर्याची वीज नेमकी उलटी, फक्त दिवसा मिळणारी. तिचा हा मोठाच दोष मानला गेला. १९७३च्या तेलसंकटानंतर पर्यायी ऊर्जेचा विचार सुरू झाला. केंद्र सरकारने १९८१ साली त्यासाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग काढला आणि १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. तरी सामान्य घरात सौर म्हणजे सौर चूल, कंदील आणि गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब, एवढंच होतं. पॅनेलची वीज परवडत नव्हती.

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झालं. उद्दिष्ट होतं २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट. युक्ती साधी होती: पंचवीस वर्षं वीज घेण्याची हमी द्यायची आणि जो सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम. पहिल्या लिलावांत दर युनिटला १२ रुपयांच्या आसपास निघाला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. हमीमुळे कर्ज स्वस्त झालं आणि जगभर पॅनेलही स्वस्त झाली होती. मधल्या काळात, २०१५ साली, उद्दिष्ट पाचपट वाढवून एक लाख मेगावॉट केलं गेलं. ते २०२२ मध्ये हुकलं आणि जानेवारी २०२५ मध्ये गाठलं गेलं.

दर उतरल्यावर महाराष्ट्राने त्या दोषाकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. शेताला वीज दिवसाच हवी होती! २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून झाली. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी काही मेगावॉटचा छोटा प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेतीपंपांच्या वाहिनीवर सोडायची. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली. २०२३ मध्ये राज्याच्या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात.

सगळंच सुरळीत आहे असं नाही. प्रकल्पासाठी सरकारी जमीनही दिली जाते. त्यात गायरान गेलं, तर ज्याच्या चार शेळ्या तिथे चरतात त्याच्या हाती भाडं येत नाही. शिवाय दिवसा सहज पंप चालला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. धोरणाची पुढची परीक्षा इथे आहे.

तरी या पंधरा-वीस वर्षांच्या खटाटोपाचं माप मेगावॉटमध्ये मोजू नका. पुढच्या वेळी गावी फोन कराल तेव्हा मुलांच्या हाती द्या आणि त्यांनाच विचारू द्या, "काका, दिवसाची लाईट आली का?" काका "हो" म्हणाले, तर समजा, त्या घरातला माणूस आज रात्री घरी झोपणार आहे.