हुकुमचंद मिल : ओस वास्तूचा इतिहास

इंदूरच्या कापडउद्योगाचा पाया दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातील सरकारी गिरणीने घातला. पुढे १९१५ मध्ये सर सेठ हुकुमचंद यांनी आपल्या नावाची गिरणी उभारली. तिच्या भोंग्यावर आणि पाळ्यांवर भोवतालच्या कामगारवस्त्यांचा दिवस ठरू लागला. १९९०च्या दशकाच्या आरंभी ही गिरणी बंद पडली आणि सुमारे ४२ एकरांच्या आवारात झाडे वाढली.

अशा वास्तूत शिरणाऱ्यास पडक्या भिंती दिसतात. कामगारांच्या थकबाकीचा इतिहास मात्र न्यायालयीन कागदपत्रांत आहे. तो वाद तीन दशके चालला. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये सुपूर्द करण्यात आले. तोवर अनेक कामगार दिवंगत झाले होते.

अनंत चतुर्दशीला गिरणी-कामगारांच्या झांक्यांची मिरवणूक काढण्याची इंदूरची प्रथा गिरण्या बंद पडल्यानंतरही चालू राहिली. गणेशोत्सवाशी जडलेले हे नाते येथील मराठी समाजास विशेष जवळचे आहे.

जमिनीचा पुनर्विकास होईल, भिंती कदाचित राहणार नाहीत. अशा गिरण्यांचे हजेरीपट व वेतनपत्रके जेथे उपलब्ध असतील, तेथून ती अभिलेखागारात आणली पाहिजेत. कामगारांची नावे त्यांतच सापडतील.